चूक, खता आणि नायकाचा दोष

शोकात्म नाटक शिकवायला घेतले की त्याच्यासोबत परिभाषेची एक पुरचुंडी येते. शोकांतिका, शोकात्मिका, नायक, खलनायक, संघर्ष, स्वगत, कलाटणी, विरेचन. विद्यार्थी हे शब्द वहीत उतरवून घेतात, व्याख्या पाठ करतात आणि परीक्षेत लिहितात. त्यात गैर काही नाही. शब्द हाताशी असले की नाटकाकडे बघण्याची नजर येते. पण या पुरचुंडीत एक शब्द असा आहे की तो नाटक समजायला मदत करण्याऐवजी माणूस समजण्याच्या आड येतो. तो शब्द म्हणजे 'नायकाचा दोष'.

मार्गदर्शक पुस्तकांत हा प्रश्न ठरलेला असतो. अमुक नायकाच्या ठिकाणी कोणता दोष होता? उत्तरेही ठरलेली असतात. ऑथेल्लो संशयी, मॅकबेथ महत्त्वाकांक्षी, हॅम्लेट दिरंगाई करणारा, लिअर हेकट, सुधाकर मानी. एका माणसाचे अख्खे आयुष्य एका विशेषणात बसवले की दोन गुण मिळतात. या सवयीचा परिणाम मात्र परीक्षेपुरता राहत नाही. जो कोसळला त्याच्यात काहीतरी खोट असलीच पाहिजे, असे मूल त्यातून शिकते. मग शेजारचा व्यापारी बुडाला तरी खोट शोधली जाते, कुणाची मुलगी सासरहून परत आली तरी शोधली जाते, दहावीत नापास झालेल्या पोराच्या घरी तर नातेवाईक खोट शोधायलाच येतात. नाटकाचा धडा असा नकळत मोहल्ल्यात उतरतो. म्हणून हा शब्द तपासून पाहणे हे केवळ साहित्याच्या शिक्षकाचे काम नाही, तो नीतीचा प्रश्न आहे.

मूळ शब्द ग्रीक आहे, हमार्तिया. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने 'काव्यशास्त्र' या छोट्या ग्रंथात तो वापरला. मराठीत हा ग्रंथ विंदा करंदीकरांनी १९५७ साली आणला आणि उर्दूत अझीझ अहमद यांनी त्याआधी, १९४१ साली. ॲरिस्टॉटल म्हणतो की शोकात्म नाटकाचा नायक पुरता सज्जनही नसावा आणि पुरता दुर्जनही नसावा. तो आपल्यासारखाच असावा आणि त्याचा पाडाव दुष्टपणामुळे न होता एखाद्या हमार्तियामुळे व्हावा. हा शब्द ज्या क्रियापदावरून आला त्याचा मूळ अर्थ नेम चुकणे. बाण सोडला, पण तो लागायचा तिथे लागला नाही. धनुर्धारी नालायक होता असे हा शब्द सांगत नाही, त्याच्या स्वभावात खोट होती असेही सांगत नाही. बाण चुकला, एवढेच तो सांगतो.

पुढे युरोपात या शब्दाचा अर्थ हळूहळू बदलत गेला. जे कृतीत घडले होते ते स्वभावात आहे असे मानले जाऊ लागले. ब्रॅडली यांचा शेक्सपिअरच्या शोकात्मिकांवरचा ग्रंथ १९०४ साली आला आणि नायकाच्या स्वभावात त्याच्या नाशाचे मूळ शोधण्याची रीत इंग्रजी शिक्षणात पक्की झाली. ब्रॅडली यांचे विवेचन सूक्ष्म होते, पण त्यांच्यामागून आलेल्या मार्गदर्शकांत ती सूक्ष्मता राहिली नाही. तीच रीत आपल्या महाविद्यालयांत आली आणि तिथून शाळांत झिरपली.

विशेष म्हणजे आपल्याला उसना शब्द घेण्याची गरजच नव्हती. मराठीत आपण 'नेम चुकला' म्हणतो आणि 'चूक झाली' असेही म्हणतो. क्रियापद एकच. उर्दूत 'निशाना खता हुआ' म्हणतात आणि 'मुझसे खता हुई' असेही म्हणतात. खता हा मूळ अरबी शब्द, आणि त्याच्याही मुळाशी नेम चुकण्याचाच अर्थ आहे. मराठीतही 'खता खाणे' हा प्रयोग जुन्या पिढीच्या तोंडी होता. म्हणजे ग्रीक शब्दाच्या पोटात जे दोन अर्थ शेजारी शेजारी नांदतात, ते मराठीच्या 'चूक' मध्येही नांदतात आणि उर्दूच्या 'खता' मध्येही. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. माझ्या विद्यार्थ्यांना हमार्तिया समजावून सांगायला दोन वाक्ये पुरतात. 'दोष' या शब्दाने मात्र ती कळलेली गोष्ट पुन्हा झाकली जाते.

शब्द हुकला की विचार किती दूर जातो, याचा एक मोठा दाखला आपल्याच परंपरेत आहे. दहाव्या शतकात मत्ता इब्न यूनुस यांनी 'काव्यशास्त्र' सुरयानी भाषेतून अरबीत आणले. बाराव्या शतकात कुर्तुब्याच्या इब्न रुश्द यांनी त्यावर भाष्य लिहिले. ॲरिस्टॉटल ज्यांना पाठ होता असा हा विद्वान, पण त्याच्या भोवतालच्या जगात ग्रीकांसारखी रंगभूमीच नव्हती. ट्रॅजेडी आणि कॉमेडी हे दोन शब्द आले तेव्हा त्याने त्यांचा अर्थ आपल्या ओळखीच्या काव्यप्रकारांत लावला. एक मदीह, म्हणजे स्तुतिकाव्य. दुसरे हिजा, म्हणजे निंदाकाव्य. बोर्हेस या अर्जेंटिनाच्या लेखकाने १९४७ साली या प्रसंगावर एक सुंदर कथा लिहिली. आपण इब्न रुश्द यांना हसू नये. त्यांच्यासमोर नाटक नव्हते. आमच्या पनवेलमध्ये वासुदेव बळवंत फडक्यांच्या नावाचे नाट्यगृह उभे आहे, पडदा उघडतो, माणसे रडतात. इतके असूनही आपण शोकात्मिकेचे निंदाकाव्य करून टाकत असू, नायकाचे अवगुण मोजत बसत असू, तर आपल्यापाशी त्यांच्याइतकीही सबब नाही.

आता खता या शब्दाकडे थोडे खोलात जाऊन पाहू. आपल्या फिक्हमध्ये मनुष्यवधाचे प्रकार पाडले आहेत. कोकणातले आम्ही बहुतेक शाफई, आणि शाफई मतानुसार ते तीन आहेत. अम्द म्हणजे हेतुपूर्वक. शिब्हे अम्द म्हणजे मारण्याचा हेतू होता, पण जीव घेण्याचा नव्हता. तिसरा खता. हनफी फकीह आणखी बारकाईने भाग पाडतात. त्यात खताचेही दोन पोटप्रकार येतात. एक, नेम शिकारीवर धरला आणि बाण माणसाला लागला. इथे हात चुकला. दुसरा, झाडीत हालचाल दिसली, शिकार समजून बाण सोडला आणि तो माणूस निघाला. इथे हात बरोबर होता, ओळख चुकली. झोपेत कूस बदलताना शेजारचे मूल दगावले तर त्याचाही त्यांनी वेगळा विचार केला आहे. शेकडो वर्षांपूर्वीच्या या पंडितांनी नाटक पाहिले नसेल, पण शोकात्मिका जिथे जन्मते ती जागा त्यांनी अचूक ओळखली होती.

खुद्द ॲरिस्टॉटलनेही आपल्या नीतिशास्त्रात अशीच वाटणी केली आहे. ज्याची अपेक्षा करणेच शक्य नव्हते तो अपघात, अपेक्षा करता आली असती पण वाईट हेतू नव्हता ती चूक, आणि जाणूनबुजून केलेला अन्याय. भारतात फौजदारी कायदा सर्वांना एकच आहे. १८६० ची दंडसंहिता गेली आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तरी हेतू, निष्काळजीपणा आणि निव्वळ अपघात यांतला फरक कायम राहिला. तेव्हा इथे मुद्दा कोणता कायदा लावावा हा नाही. माणसाने माणसाकडे कसे पाहावे, हा आहे.

खताबद्दल कुराणातील सूरह निसाच्या ९२ व्या आयतीत जी व्यवस्था सांगितली आहे ती विचार करण्यासारखी आहे. ज्याच्या हातून नकळत जीव गेला त्याला खुनी ठरवलेले नाही, त्याच्यावर किसास नाही. पण 'तुझा काय संबंध, जा घरी' असेही त्याला सांगितलेले नाही. मृताच्या वारसांना दियत द्यायची, वारसांनी माफ केली तर गोष्ट वेगळी. शिवाय कफ्फारा म्हणून गुलाम मुक्त करायचा आणि ते शक्य नसेल तर सलग दोन महिने रोजे ठेवायचे. म्हणजे गुन्हेगार आणि निर्दोष या दोन खोल्यांच्या मध्ये एक तिसरी खोली आहे. तिथे बसलेला माणूस दोषी नाही, पण त्याच्यावर ऋण आहे.

पनवेलच्या माणसाला ही तिसरी खोली समजायला ग्रीसला जावे लागत नाही. आमच्या शेजारच्या कळंबोलीपासून मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग सुरू होतो, सुमारे ९५ किलोमीटरचा. या भागातली कितीतरी घरे ट्रक, टेम्पो आणि टॅक्सीच्या स्टिअरिंगवर चालतात. समजा एक चालक आहे. दारू प्यायलेला नाही, वेगात नाही, ब्रेक तपासलेले आहेत. अंधारातून कुणी अचानक गाडीपुढे येते आणि सगळे संपते. पोलीस त्याला सोडतात, मालक समजूत घालतो, 'तुझी काही चूक नाही' असे सगळेच म्हणतात. तरी तो माणूस रात्री झोपत नाही. बर्नार्ड विल्यम्स या इंग्रज तत्त्वचिंतकाने १९७६ साली आपल्या निबंधात नेमका असाच ट्रकचालक घेतला. त्याचे म्हणणे असे की या चालकाला होणारे दुःख रस्त्यावर उभ्या राहून पाहणाऱ्याच्या दुःखाहून वेगळे असते. आणि जर हा चालक 'माझी चूक नव्हती' म्हणून निवांत जेवायला बसला, तर आपल्यालाच त्याच्याविषयी काहीतरी खटकेल. विल्यम्सने ज्या भावनेला नाव शोधले, तिला आपल्याकडे दोन महिन्यांच्या रोज्यांची वाट करून दिलेली होती. जे मनात सलते त्याला काहीतरी करायला दिले होते.

आता नाटकांकडे येऊ. सोफोक्लीझचा इडिपस तिठ्यावरच्या भांडणात एका म्हाताऱ्याला ठार करतो. तो आपला बाप आहे हे त्याला माहीत नाही. पुढे त्याच्या राज्यात साथ येते आणि राजा म्हणून तोच चौकशी आरंभतो. मार्गदर्शक म्हणतात, दोष उतावळेपणाचा, अहंकाराचा. पण उतावळी माणसे जगात लाखो आहेत, त्यांतला एकही बापाला मारून आईशी लग्न करत नाही. उतावळेपणा आणि ही शिक्षा यांचा हिशेब जुळत नाही. हात उचलल्याचा जाब त्याने द्यायलाच हवा. पण त्याचा सर्वनाश झाला तो ओळख चुकल्यामुळे, झाडीतल्या हालचालीला शिकार समजणाऱ्यासारखा. सोफोक्लीझने म्हातारपणी त्याच इडिपसवर आणखी एक नाटक लिहिले, ते कवीच्या मृत्यूनंतर इसवी सनापूर्वी ४०१ मध्ये रंगमंचावर आले. त्यात आंधळा इडिपस ठामपणे सांगतो की मी जाणूनबुजून काही केले नाही. तरीही उपकार करणाऱ्या राजाचा हात हातात घ्यायला तो पुढे होतो आणि स्वतःच मागे सरतो, आपल्या स्पर्शाचा डाग त्याला लागू नये म्हणून. मी गुन्हेगार नाही, आणि मी कोराही नाही. तिसऱ्या खोलीतल्या माणसाचे याहून नेमके चित्र मला माहीत नाही.

इथे कुणी रास्त शंका काढील. प्रत्येक कोसळणाऱ्याला खता म्हणून सोडून दिले तर जबाबदारी कुणाची उरेल? बायकोला मारणारा प्रत्येक नवरा म्हणेल, माझी खता झाली. ही शंका महत्त्वाची आहे आणि तिचे उत्तर खता याच शब्दात आहे. देवलांनी ऑथेल्लोला मराठी वेश देऊन 'झुंजारराव' लिहिले, १८९० साली. नायकाला वाटते की बायको बेइमान आहे, आणि ते खोटे असते. त्याची ओळख चुकली, हे खरे. पण त्याचा हात चुकला नाही. त्याने ज्या गळ्यावर हात ठेवला तो त्याला हवा होता तोच गळा होता. शिवाय ती खरोखर बेइमान असती तरी तिचा जीव घेण्याचा अधिकार त्याला कुणी दिला होता? म्हणून ही खता नाही, अम्द आहे. खता हा शब्द नीट वापरला तर तो ऑथेल्लोला माफ करत नाही. उलट 'संशयी स्वभावाचा दोष' म्हणणारे मार्गदर्शकच त्याला स्वस्तात सोडतात, कारण स्वभावाला औषध नाही असे आपण सहज म्हणून जातो.

'एकच प्याला' हे याहून अवघड प्रकरण आहे. गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी गेले आणि त्यानंतर महिन्याभराच्या आत गंधर्व नाटक मंडळीने हे नाटक रंगमंचावर आणले. सिंधूची भूमिका बालगंधर्वांची. सुधाकर हुशार वकील. कोर्टात अपमान झाला, सनद काही काळ रद्द झाली, आणि त्या जळत्या घडीला तळीरामाने पेला पुढे केला. शेवटी नशेत त्याच्या हातून स्वतःचे मूल जाते आणि सिंधूही. ही खता म्हणायची का? फकीहांचे बहुमत म्हणते की ज्याने आपण होऊन नशा केली त्याला नशेत केलेल्या कृत्याची सूट नाही. ॲरिस्टॉटलही म्हणतो की पिऊन गुन्हा करणाऱ्याला दुप्पट शिक्षेचा नियम होता, कारण न पिणे त्याच्या हातात होते. तेव्हा शेवटच्या अंकातल्या सुधाकराला सुटका नाही. पण पहिल्या पेल्याच्या वेळचा सुधाकर? त्याला एका रात्रीपुरते दुःख विसरायचे होते, घर जाळायचे नव्हते. तिथे त्याचा नेम चुकला. गडकऱ्यांनी नाटकाला नाव शेवटच्या पेल्याचे दिले नाही, ते पहिल्याच पेल्याचे दिले. खता आणि गुन्हा यांच्यामध्ये एक उतार असतो आणि त्या उतारावर कुठेतरी थांबता येते, असे हे नाव सांगते. थांबता येते, म्हणूनच तौबेला अर्थ आहे. 'मानी स्वभाव' हे उत्तर लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला हा उतार दिसतच नाही.

आणि सिंधू? दोष शोधण्याची सवय लागली की सिंधूचाही दोष निघतो. अतिपतिभक्ती, सहनशीलता, भोळेपणा. मरतानाही तिने नवऱ्यावर आळ येऊ दिला नाही, याचे कौतुक करावे की नाही यावर वर्गात जरूर वाद व्हावा, माझ्या वर्गातल्या मुली तो हिरिरीने घालतात. पण तिने सोसले म्हणून तिच्यावर वेळ आली, असे म्हणणे म्हणजे लाठी मारणाऱ्याचा हिशेब मार खाणाऱ्याच्या नावावर लिहिणे. सिंधूची खता कुठेच नाही. ज्याची काहीही चूक नाही असा माणूसही नाटकात भरडला जातो आणि नाटकाबाहेरही. हे मान्य करायला कठीण जाते म्हणून आपण तिच्यात दोष शोधतो. दोष सापडला की जग पुन्हा न्यायी वाटू लागते, आणि आपण सुरक्षित.

इथेच विरेचन हा शब्द उपयोगी पडतो. ॲरिस्टॉटलच्या मते शोकात्मिका करुणा आणि भीती जागवून त्यांचे शमन करते. करुणा कुणाबद्दल? ज्याच्या वाट्याला न मिळायचे ते आले त्याच्याबद्दल. भीती कशाची? तो आपल्यासारखाच आहे, याची. आता त्याच्यात मोठा दोष होता असे ठरवले तर काय होते पाहा. त्याला मिळाले ते योग्यच मिळाले, म्हणून करुणा गेली. तो दोष माझ्यात नाही, म्हणून भीतीही गेली. प्रेक्षक कोरडाच घरी जातो. म्हणजे 'दोष' हे भाषांतर त्याच ग्रंथातल्या दुसऱ्या शब्दाचा जीव घेते.

आपल्याकडे आणखी एक पळवाट आहे, तकदीर. सगळे लिहिलेलेच होते, मग काय बोलायचे! दोष शोधणारा आणि तकदीर म्हणणारा वरवर विरुद्ध टोकांचे दिसतात, पण दोघेही समोरच्या माणसापासून लवकर मोकळे होतात. शामकडे जाताना साथीची बातमी आली तेव्हा हजरत उमर यांनी काफिला परत वळवला. अल्लाहच्या तकदीरपासून पळता काय, असे अबू उबैदा यांनी विचारले, तेव्हा एका तकदीरकडून दुसऱ्या तकदीरकडे जात आहोत, अशा अर्थाचे त्यांचे उत्तर प्रसिद्ध आहे. तकदीर मानणाऱ्यालाही पुढचे पाऊल कुठे टाकायचे ते ठरवावेच लागते.

खताच्या व्यवस्थेतली एक गोष्ट अजून सांगायची राहिली. कफ्फाऱ्याचे रोजे ज्याचे त्यालाच ठेवावे लागतात. दियत मात्र फिक्हप्रमाणे त्या एकट्याने भरायची नसते, ती त्याच्या आकिलाने, म्हणजे त्याच्या कुळातल्या माणसांनी मिळून भरायची असते. चूक एकाची, भार सगळ्यांचा. ग्रीक नाटकात कोरस असतो, गावातली पंधरा माणसे रंगमंचावर अखेरपर्यंत उभी असतात. ती नायकाला वाचवू शकत नाहीत, पण त्याला सोडूनही जात नाहीत. मला ती आकिलासारखी वाटतात. सुधाकराभोवती पेले भरणारे मंडळ होते आणि सल्ले देणारी सज्जन माणसेही होती, पण त्याचा भार वाटून घेणारे कुळ उभे राहू शकले नाही. एका कोसळलेल्या घराकडे समाज म्हणून आपण कोरसासारखे पाहतो की परीक्षकासारखे, हा प्रश्न या नाटकाने शंभर वर्षांपूर्वी विचारून ठेवला आहे.

म्हणून माझी सूचना साधी आहे. 'नायकाचा दोष कोणता?' हा प्रश्न वर्गातून काढून टाकावा आणि त्या जागी तीन प्रश्न विचारावेत. त्याला काय माहीत होते? त्याला काय करायचे होते? आणि जे घडले त्यानंतर कोण कुणाचे काय देणे लागतो? पहिल्या दोन प्रश्नांनी खता आणि गुन्हा वेगळे होतात, खुन्याला सूट मिळत नाही आणि चुकलेल्याला खुनी ठरवले जात नाही. तिसरा प्रश्न मुलांना नाटकातून बाहेर आणतो. नापास झालेला वर्गमित्र, कर्जात बुडालेला चाचा, रात्री झोप न येणारा चालक यांच्याकडे बघताना तोच प्रश्न मनात यावा. त्याचे उत्तर दोन गुणांचे नाही, आणि ते एकट्याने लिहायचेही नाही.